पाळीव प्राण्यांच्या किरकोळ जखमा : गृहोपचार, त्याच्या मर्यादा आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा नाशिकच्या वाढत्या वसाहतींत कुत्रे किंवा मांजर हे आता घरातील सदस्यच मानले जाते. त्यामुळे आपल्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानांत एक नवा प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. "डॉक्टर, आमच्या मोत्याच्या पायाला काच लागली. घरात जात्यादि तेल आहे, ते लावले तर चालेल का?" प्रश्न विचारणारा आपला जुना रुग्ण असतो, त्याचा आपल्यावर विश्वास असतो, आणि पशुवैद्यकाकडे जाण्यास वेळ लागणार असतो. अशा वेळी "लावा, आयुर्वेदिकच आहे, अपाय होणार नाही" हे उत्तर सहज दिले जाते.

हे उत्तर कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. किरकोळ जखमेवर घरच्या घरी काय करता येते, कोणती द्रव्ये निर्धोक आहेत, कोणती टाळावीत आणि कोणत्या जखमेला आपण हातही लावू नये, या चार बाबींची मांडणी येथे केली आहे. आपण मनुष्यवैद्य आहोत याचे भान ठेवूनच ही मर्यादित चर्चा करीत आहे.

परंपरा आणि कायदा

पशुचिकित्सा हा आयुर्वेदाला परका विषय नाही. पालकाप्य मुनींच्या हस्त्यायुर्वेदात महारोग, क्षुद्ररोग, शल्य व उत्तर अशी चार स्थाने असून त्यातील शल्यस्थान हत्तीच्या व्रणांचा सविस्तर विचार करते. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली प्रसिद्ध केला, ही आपल्या प्रांताला अभिमानास्पद बाब होय. शालिहोत्र, नकुल व जयदत्त यांची अश्वचिकित्सा प्रसिद्ध आहे. अग्निपुराणातही गज, अश्व व गाय यांच्या चिकित्सेचे अध्याय आढळतात.

या परंपरेतून घेण्यासारखी मुख्य गोष्ट मात्र वेगळीच आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, मेंढी यांच्या बस्तीचा विचार करताना त्या त्या प्राण्यासाठी निरनिराळी द्रव्ये व निरनिराळे प्रमाण सांगितले आहे. माणसाचे औषध वजनाच्या हिशेबाने कमी-अधिक करून प्राण्याला द्यावे, असे आचार्यांनी मानलेले नाही. प्राण्याची जात बदलली की द्रव्यही बदलते, हे सूत्र त्यात स्पष्ट आहे. शिवाय उपलब्ध ग्रंथांचा भर हत्ती, घोडा व गाय यांवर आहे. श्वानाचा उल्लेख वैद्यकात प्रामुख्याने येतो तो सुश्रुताच्या कल्पस्थानात, अलर्कविषाच्या संदर्भात. म्हणून कुत्र्या-मांजराच्या बाबतीत व्रणचिकित्सेची तत्त्वे आपल्या ग्रंथांतून आणि त्या प्राण्यांच्या शरीराची माहिती आजच्या पशुवैद्यकातून घेणे हाच योग्य मार्ग ठरतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राण्यांसाठीच्या औषधांचाही समावेश आहे. म्हणजे प्राण्यांसाठीचे आयुर्वेदीय औषध कायद्याला मान्य आहे. परंतु भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. बी.ए.एम.एस. पदवी हा अधिकार देत नाही. मालकाने आपल्या प्राण्यावर प्रथमोपचार करणे आणि आपण त्याला त्याबाबत सावधगिरीची माहिती देणे एवढीच आपली कक्षा. रोगनिदान करून प्राण्याला औषधयोजना लिहून देणे या कक्षेबाहेरचे आहे.

मूलसूत्र : लेपाचा अवलेह होतो

मनुष्यचिकित्सेत बाह्य प्रयोग आणि आभ्यंतर प्रयोग असे दोन स्वतंत्र विभाग आपण मानतो. जे द्रव्य पोटात देता येत नाही ते लेपात किंवा तेलात वापरता येते, कारण रुग्ण आपली जखम चाटत नाही. कुत्रा आणि मांजर यांच्या बाबतीत हा विभाग उरतच नाही. जखमेवर जे लावाल ते थोड्याच वेळात जिभेवर आणि तेथून कोष्ठात जाते. मांजर तर दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यातच घालवते, त्यामुळे जखमेच्या बाहेर केसांना लागलेले तेलही त्याच्या पोटात जाते. थोडक्यात, आपण लेप म्हणून दिलेले औषध प्राणी अवलेह म्हणून घेतो.

म्हणून कोणतेही द्रव्य सुचविण्यापूर्वी वैद्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे द्रव्य या प्राण्याने चाटून खाल्ले तर चालेल काय? उत्तर निश्चितपणे होकारार्थी नसेल तर ते लावू नये.

या कसोटीवर जात्यादि तेल पारखून पाहू. त्यातील तुत्थ म्हणजे मोरचूद. त्याचे वामक कर्म आपणास ज्ञात आहे. माणसाच्या व्रणावर उत्तम काम करणारे हे तेल पाच-सहा किलो वजनाच्या प्राण्याने दिवसातून चार वेळा चाटले तर लाळ गळणे, उलट्या, जुलाब हा परिणाम अपेक्षितच मानावा लागेल. सिंदूर म्हणजे नागाचा योग. तो असलेली मलमे, तसेच पारदयुक्त मलमे तर पूर्णतः वर्ज्य होत. पंचगुण तैलासारख्या तेलांत कापूर असतो, आणि कापूर कुत्रा व मांजर या दोघांनाही विषारी आहे.

चाटणे थांबविणे हा पूरक उपाय आहे. पशुवैद्यकीय साहित्याच्या दुकानात गळ्याभोवती घालावयाचे शंकूच्या आकाराचे आवरण मिळते, ते वापरावे. "कुत्र्याच्या लाळेनेच जखम भरते" हा समज मात्र सोडून द्यावा. खरखरीत जिभेने सतत चाटल्यामुळे नवा रोपणाचा थर निघून जातो, जखम ओली राहते आणि तोंडातील जंतू तिच्यात जातात.

पहिला प्रश्न : जखम कशाने झाली?

जखम कोणती, यापेक्षा ती कशाने झाली हे आधी विचारावे. दुसऱ्या कुत्र्याने, मांजराने, मुंगसाने, माकडाने किंवा अन्य प्राण्याने चावा घेतला असेल, अथवा जखम कशी झाली हे कोणी पाहिले नसेल, तर गृहोपचाराचा विषय तेथेच संपतो. याचे कारण रेबीज.

सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाची लक्षणे व दंशानंतर होणारा जलत्रास वर्णिला असून जलत्रास झालेला रुग्ण असाध्य मानला आहे. आजही लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निरपवादपणे मारकच ठरतो. सुश्रुतोक्त दाहकर्म मात्र आज करावयाचे नाही. जखम जाळण्याने किंवा तिच्यात तिखट, चुना, हळद भरण्याने ऊतींची हानी होते आणि खरा उपाय लांबणीवर पडतो. विषाणू धुऊन काढणे आणि वेळेत लस देणे हेच आजचे प्रतिविष होय.

येथे दोन जिवांचा विचार करावयाचा असतो. पहिला, चावा घेतला गेलेला प्राणी. त्याची जखम हातमोजे घालून साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. लस पूर्वी दिलेली असली तरी दंशानंतर पुन्हा द्यावी लागते. दुसरा, जखम धुणारा मालक. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो, आणि लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून तो लाळेत असू शकतो. अखंड त्वचेतून तो शिरत नाही. पण हातावर खरचटलेले असेल किंवा लाळ डोळ्यात, तोंडात उडाली असेल तर धोका संभवतो. घरच्याच प्राण्याने वेदनेच्या भरात मालकाला चावणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. अशा माणसाने आपली जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता शासकीय रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी जावे. दंश खोल असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. प्राण्याच्या औषधासाठी आलेल्या गृहस्थाच्या हाताकडे पाहणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य आहे, कारण तो स्वतःच्या ओरखड्याचा उल्लेख बहुधा करीत नाही.

सद्योव्रणाचे प्रकार आणि त्यातील निवड

सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. गृहोपचाराची सीमारेषा आखण्यास हे वर्गीकरण फार उपयोगी पडते.

घृष्ट म्हणजे खरचटणे. हा घरी उपचार करण्याचा मुख्य प्रकार. छिन्न व क्षत यांपैकी उथळ, लहान आणि कडा जवळ असलेल्या जखमा घरी सांभाळता येतात. कडा दूर गेलेली जखम शिवावी लागते व ती पहिल्या सहा-आठ तासांत शिवली तर चांगली जुळते, म्हणून तेथे घरी वेळ घालवू नये. विद्ध म्हणजे टोचलेली जखम. ती बाहेरून टिचभरही दिसत नाही, पण खोल असते. मांजराच्या दाताची जखम हे याचे ठळक उदाहरण. वरचे तोंड लगेच मिटते आणि आत पू होऊन दोन-चार दिवसांत गळू तयार होते. भिन्न, म्हणजे कोष्ठापर्यंत गेलेली, आणि पिच्चित, म्हणजे वाहनाखाली किंवा दारात चिरडलेली, या जखमा तत्काळ पशुवैद्यकाकडे न्याव्यात.

प्रथमोपचाराचा क्रम

१. प्राण्यास धरणे. दुखावलेला प्राणी, कितीही माणसाळलेला असला तरी, चावतो. कुत्र्याच्या तोंडाला मऊ कापडी पट्टीचे मुसके सैलसर बांधावे. दम लागलेला, उलटी होत असलेला किंवा आखूड नाकाचा कुत्रा असेल तर मुसके बांधू नये. मांजराला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून केवळ जखमी भाग बाहेर ठेवावा.

२. रक्तस्तंभन. सुश्रुताने रक्तस्तंभनाचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. घरी पहिल्या दोहोंचाच आधार घ्यावा. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून सलग पाच ते दहा मिनिटे दाब द्यावा. मध्येच उचलून पाहू नये, कारण त्यामुळे धरलेली गुठळी निघते. कापडात गुंडाळलेला बर्फ जवळ धरल्यास स्कंदनास मदत होते. दहा मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, किंवा ते उसळी घेऊन येत असेल, तर दाब कायम ठेवूनच दवाखाना गाठावा.

३. प्रक्षालन. व्रणाच्या भरून येण्यात सर्वाधिक वाटा स्वच्छ धुण्याचा असतो. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, मीठ विरघळवावे व त्या पाण्याची धार सोडावी. भोवतालचे केस धुण्यापूर्वीच कात्रीने जपून कापावेत. त्रिफळा किंवा पंचवल्कल, म्हणजे वड, पिंपळ, उंबर, पायर व पारिस पिंपळ यांच्या सालींचा काढाही उपयुक्त आहे. भरड सोळापट पाण्यात उकळून निम्मे पाणी राहिल्यावर दुपदरी कापडातून गाळावी व काढा कोमट असताना वापरावा. तो रोज ताजा करावा. कषाय रसाने स्राव कमी होतो व थोडासा चाटला गेला तरी अपाय होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड व स्पिरिट जखमेत ओतू नये. त्यांनी नवे मांस जळते.

४. लेप. येथे वरील कसोटी कटाक्षाने लावावी. तीत उतरणारे पहिले द्रव्य यष्टीमधु घृत होय. शस्त्राने झालेल्या व्रणाच्या वेदनेवर सुश्रुताने कोमट यष्टीमधुयुक्त घृताचे सेचन सांगितले आहे. ज्येष्ठमध आणि गाईचे तूप ही दोनही आहारातील द्रव्ये असल्याने पातळ थर चाटला गेल्यास धोका नाही. कल्क एक भाग, घृत चार भाग व पाणी सोळा भाग या नेहमीच्या प्रमाणात ते सिद्ध करावे. थर अगदी पातळ असावा, कारण तुपाचे अधिक प्रमाण कुत्र्याला सोसत नाही. त्याने जुलाब होतात, आणि काही कुत्र्यांत स्वादुपिंडाचा दाह उद्भवू शकतो.

दुसरे द्रव्य मध. लेखन, संधान व रोपण ही त्याची कर्मे जखमेत उत्तम दिसतात. शुद्ध मधाचा पातळ थर लावून वरून पट्टी बांधावी. उघडा ठेवल्यास मुंग्या व माश्या येतात. लहान पिल्लांत व मधुमेही प्राण्यांत तो टाळावा. मध आणि तूप एकत्र वापरावयाचे झाल्यास त्यांचे प्रमाण विषम असावे. मनुष्याच्या लेपात या नियमाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. येथे तो लेप पोटात जाणार असल्याने विरुद्धाहाराचा नियम त्यालाही लागू होतो.

हळद चिमूटभर तुपात मिसळून लावण्यास हरकत नाही. सुकी पूड जखमेत भरू नये. तिची खपली धरून खाली पू साठतो व जखमेचा खरा रंग दिसेनासा होतो. शेतावर दुसरे काही हाताशी नसेल तर दगडी पाला, म्हणजे एकदांडी, स्वच्छ धुऊन त्याच्या रसाचा उपयोग आपल्याकडे पूर्वापार केला जातो. मात्र मातीने माखलेला पाला चुरडून लावण्यापेक्षा नुसती धुतलेली जखम बरी.

५. बंधन. सुश्रुतोक्त चौदा बंधांपैकी पंजासाठी कोशबंध सोयीचा. बोटांच्या मध्ये कापूस ठेवावा. पट्टी बांधल्यावर तिच्याखाली एक बोट सहज शिरले पाहिजे. पट्टी रोज बदलावी, आणि ओली झाल्यास लगेच बदलावी. पंजा सुजला, थंड पडला किंवा प्राणी पट्टी सारखी कुरतडू लागला तर पट्टी घट्ट झाली आहे असे समजावे.

नित्य आढळणाऱ्या काही जखमा

नख तुटणे : रक्त पुष्कळ दिसते, पण बहुधा दाबाने थांबते. तुरटीची वस्त्रगाळ चिमूटभर पूड किंवा मक्याचे पीठ नखाच्या टोकावर दाबून धरावे. तुरटी नखापुरतीच, खुल्या जखमेत नव्हे.

कुसळ : पावसाळा संपल्यावर माळावर फिरून आलेल्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत व कानांत कुसळ शिरते. त्याची रचनाच पुढे सरकण्याची असल्याने ते आपोआप बाहेर येत नाही. दिसत असेल तर चिमट्याने काढावे. कानात किंवा डोळ्यात असेल तर हात लावू नये.

भाजणे : सुश्रुताने प्लुष्ट दग्धावर उष्ण उपचार सांगितला आहे. आजच्या ज्ञानानुसार मात्र भाजलेल्या भागावर लगेच साध्या थंड पाण्याची धार किमान दहा मिनिटे सोडणे हाच पहिला उपाय होय. बर्फ, दंतमंजन किंवा लगेच तूप लावू नये. भाग थंड झाल्यावर, त्वचा न फाटलेल्या किरकोळ भाजण्यावर शतधौत घृताचा पातळ थर द्यावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरी रस्त्यावर फिरविल्याने कुत्र्याच्या तळव्यांना फोड येतात. तेथे फिरविण्याची वेळ बदलणे हीच चिकित्सा.

मधमाशीचा दंश : नांगी नखाने खरवडून काढावी व थंड पाण्याची घडी ठेवावी. चुना किंवा कांदा चोळू नये. तोंड सुजले किंवा श्वास जड झाला तर क्षणाचाही विलंब नको.

गोचीड : चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, चटका यांचा प्रयोग करू नये. गोचिडीतून रक्ताचे गंभीर रोग पसरतात, म्हणून नंतर ताप, मरगळ किंवा पांढुरकी हिरडी दिसल्यास रक्ततपासणी आवश्यक ठरते.

नायलॉन मांजा : राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तरीही संक्रांतीच्या दिवसांत नाशिक आणि येवल्याकडे पक्षी व प्राणी त्यात अडकतात. मांसात रुतलेला दोरा ओढू नये. दोन्ही बाजूंना कापून तसाच ठेवून दवाखान्यात न्यावे. पक्ष्याच्या जखमेला तेल, तूप किंवा मलम लावू नये, कारण पिसे चिकटली की शरीराची ऊब टिकत नाही व उडताही येत नाही. त्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात शांत ठेवावे. पक्ष्यांची श्वसनसंस्था नाजूक असल्याने त्या खोलीत धूपनही करू नये.

अळ्या पडणे : ग्रामीण भागात यास आसड्या पडणे म्हणतात. टर्पेंटाइन किंवा सीताफळाच्या बियांची पूड भरण्याची प्रथा आहे. टर्पेंटाइन चाटल्यास विषारी ठरते, आणि सीताफळाची पूड डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते. ही जखम किरकोळ नव्हेच, ती पशुवैद्यकानेच स्वच्छ करावी.

वर्ज्य द्रव्ये

नाशिक जिल्ह्याची ओळख असलेली दोन पिके येथे प्रथम सांगणे भाग आहे. लासलगावचा कांदा आणि आपली द्राक्षे. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजविलेले, कुत्रा व मांजर यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणून गळवावर कांद्याचे पोटीस बांधू नये. द्राक्षे व मनुका कुत्र्याच्या वृक्कांना घातक असून किती प्रमाणात अपाय होईल हे आधी सांगता येत नाही. "अशक्तपणा आला आहे, द्राक्षासव पाजतो" असे म्हणणाऱ्यास तत्काळ थांबवावे. त्यात द्राक्षही आहे आणि मद्यांशही. कोणतेही आसव-अरिष्ट प्राण्याला देऊ नये.

याखेरीज पुढील द्रव्ये टाळावीत.

१. कापूर, निलगिरी तेल, पुदिन्याचा अर्क आणि गंधपुरा तेल असलेले बाम व वेदनाहर तेले.

२. निंबतेल, विशेषतः मांजर व पिल्ले यांना.

३. कोरफडीचा पिवळा चीक, म्हणजेच ज्यापासून काळा बोळ बनतो तो भाग. तो तीव्र रेचक आहे. कुत्र्यासाठी केवळ धुतलेला पारदर्शक गर वापरावा. मांजरात तोही टाळावा.

४. हळद-चुना. मुकामारावर माणसाला उपयोगी, पण चाटल्यास चुन्याने तोंड भाजते.

५. फिनाइल व क्लोरोझायलेनॉलयुक्त जंतुनाशके. मांजराच्या यकृतात अशा द्रव्यांचे निर्विषीकरण करणारी यंत्रणा अत्यंत दुर्बळ असते.

६. माणसांच्या वेदनाहर गोळ्या. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. आयबुप्रोफेन व अ‍ॅस्पिरिनही धोक्याचेच.

७. झायलिटॉल असलेली साखरविरहित पाक, गोळ्या व अवलेह. कुत्र्याच्या रक्तातील साखर यामुळे एकदम घसरते.

एकूणच, घरी पोटातून कोणतेही औषध देऊ नये, हा नियम सांगितल्यास बहुतेक अनर्थ टळतात.

पशुवैद्यकाकडे केव्हा पाठवावे

कोणताही दंश. डोळा, छाती, पोट किंवा सांध्याजवळची जखम. न थांबणारा रक्तस्राव. पाय न टेकणे. पांढुरकी हिरडी. दुर्गंधी, पू किंवा वाढती सूज. २४ तास अन्न न घेणे. उपचारानंतर दोन दिवसांत सुधारणा न दिसणे. यांपैकी एकही असल्यास गृहोपचार थांबवावा. कुत्रा व मांजर यांचे स्वाभाविक तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग गरम लागले एवढ्यावरून ताप आहे असे ठरवू नये. गाय, बैल, शेळी यांच्यासाठी १९६२ या क्रमांकावर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे, हेही ग्रामीण रुग्णांना सांगावे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

दुकानाच्या फळीवर निर्णय दोन मिनिटांत घ्यावा लागतो. म्हणून पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. औषध माणसासाठी की प्राण्यासाठी? प्राणी कोणता व किती वजनाचा? जखम चाव्याची आहे काय? आपणास किंवा घरातील कोणास ओरखडा, चावा, लाळ लागली आहे काय? प्राणी जखमेपर्यंत तोंड पोहोचवू शकतो काय?

पहिला प्रश्न विचारलाच जात नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्राहक केवळ "जखमेचे तेल द्या" असे म्हणतो. तिसऱ्या किंवा चौथ्या प्रश्नाचे उत्तर "हो" आले तर औषध देऊ नये, रुग्णालयाचा व पशुवैद्यकाचा रस्ता दाखवावा. यात एका बाटलीची विक्री जाईल, परंतु एका कुटुंबातील मूल वाचू शकेल. जवळच्या नोंदणीकृत पशुवैद्यकांचे दूरध्वनी क्रमांक फळीजवळ लावून ठेवावेत.

सारांश

पाळीव प्राण्याची किरकोळ जखम घरी बरी होऊ शकते, आणि तिला लागणारे साहित्य साधे आहे : स्वच्छ कापड, मिठाचे कोमट पाणी, पंचवल्कल किंवा त्रिफळ्याचा काढा, यष्टीमधु घृत, मध आणि नीट बांधलेली पट्टी. या यादीतील एकही द्रव्य असे नाही की जे आपण आहारात किंवा पोटातील औषधात वापरत नाही, आणि ती निवड हेतुपुरस्सर आहे. प्राण्याच्या बाबतीत बाह्य औषधही अंती पोटातच जाते. "आयुर्वेदिक आहे म्हणून निर्धोक आहे" या वाक्याऐवजी "कोणासाठी, किती आणि कोणत्या मार्गाने जाणार आहे" हा विचार आपल्या शास्त्रानेच शिकविला आहे. तो प्राण्यांच्या बाबतीतही लागू केला, तर आपल्या सल्ल्यावरील लोकांचा विश्वास सार्थ ठरेल.

आपल्या जिल्ह्यातील पशुवैद्यकांसमवेत अशा विषयावर एखादे संयुक्त चर्चासत्र संघटनेने घ्यावे, अशी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.